एका बोटाची गाडी

आप्पासाहेबांनी सत्तर साली मुंबईच्या लिलावात एका वकिलातीची जुनी अमेरिकन गाडी घेतली आणि काष्टीच्या आसपासच्या दहा गावांत पॉवर स्टिअरिंग हा शब्द पोहोचला. गाडी लांबलचक, फिकट हिरवी, स्टिअरिंग डाव्या हाताला. बंगल्यावर पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला गाडीत बसवायचं, इंजिन सुरू करायचं आणि करंगळीनं स्टिअरिंग फिरवायला लावायचं, हा आप्पासाहेबांचा नेम झाला. ऊस होता, विहिरी होत्या, दोन ट्रक होते. पण लोकांनी तोंडात बोट घालावं असं त्यांच्याकडे हे एवढंच होतं.

गाडी चालवायची मात्र यशयानं. यशया तिसगावकडचा, ख्रिस्ती, बावन्न वर्षांचा, अंगानं वाळका. वीस वर्षं त्यानं मिशनच्या दवाखान्याची गाडी चालवली होती आणि एवढ्या वर्षांत कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही, हे तो नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगून टाकायचा. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको हन्ना राहत. गावाकडे ना जमीन, ना घर. नोकरी गेली की छप्पर गेलं, असा सरळ मामला. त्यात बहात्तर साल उजाडलेलं. दुष्काळ असा की ज्यांच्या घरी चार बैल होते तेही सडकेवर खडी फोडायला बसले होते.

त्याच उन्हाळ्यात स्टिअरिंगचा पंप गेला. आधी तेल गळायला लागलं, मग गाडी वळवताना डुक्कर ओरडल्यासारखा आवाज यायला लागला. नगरच्या मिस्त्रीनं हात जोडले, मुंबईच्या मिस्त्रीनं पंप अमेरिकेहून मागवावा लागेल असं सांगितलं. मोडक्या गाडीचा मालक म्हणवून घेणं आप्पासाहेबांना परवडणारं नव्हतं. त्यांना त्रास होता तो फक्त आवाजाचा.

"त्या पंपाचा पट्टा काढून टाक," ते यशयाला म्हणाले.

"साहेब, पट्टा काढला तर पंपच बंद. स्टिअरिंग दगडावानी जड हुईल."

"आवाज थांबंल का न्हाई?"

"थांबंल."

"मग काढ. आन ह्यातलं अक्षर बाहेर बोलायचं न्हाई."

यशयानं पट्टा काढला. पुढचे चार महिने ती दोन टनांची गाडी त्यानं नुसत्या दंडांवर फिरवली. पाहुणे बसलेले असले की आप्पासाहेब मागून म्हणत, "हसत चालव, यशया." आणि तो हसत चालवायचा. आता पाहुण्यांना करंगळीचा खेळ करू देत नसत, आज घाई आहे म्हणून सांगत. रात्री हन्ना मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून त्याचे खांदे शेकायची आणि मालकाला शिव्या द्यायची. यशया तिला गप्प करायचा. खरं सांगायचं तर त्याला या छळातही एक अभिमान वाटत होता. कारण त्याला मेख सापडली होती. उभी गाडी मेली तरी वळत नाही. पण ब्रेक सोडून ती बोटभर जरी सरकू दिली, की त्या सरकण्यात स्टिअरिंग ऐकतं. सरकलं की वळवायचं, थांबलं की सोडायचं. हे हन्नाखेरीज दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यानंही बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

मग पुण्याचे एक व्यापारी आले. त्यांनी गाडीची कीर्ती ऐकलेली. आप्पासाहेब नको नको म्हणेपर्यंत व्यापारी स्टिअरिंगपुढे जाऊन बसला, करंगळी लावली, मग हात लावला, मग दोन्ही हात. स्टिअरिंग जागचं हललं नाही. "काय हो, हिला बैल जुंपता की काय?" म्हणून तो मोठ्यानं हसला. यशया शेजारीच उभा होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई साहेब, पंप गेलाय तिचा."

आप्पासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग व्यापाऱ्यांना चहाला आत नेलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी त्यांनी मच्छिंद्र नावाचा पैलवान आणून उभा केला. पंचविशीतला, मान खांद्यात गेलेली, ट्रक चालवायचा परवाना खिशात. काष्टीच्या बाजाराच्या दिवशी देवळापुढच्या मोकळ्या जागेत गाडी आणवली. एका बाजूला पार, दुसऱ्या बाजूला भिंत. एवढ्यातच तिचं तोंड सडकेकडे फिरवायचं. बैलांचे सौदे सोडून दोनेकशे माणूस जमलं.

"यशयाचं म्हननं, गाडी बिघडलीय," आप्पासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझं म्हननं, ड्रायव्हर थकलाय. आता पंचांसमोर हुन जाऊ द्या. जो गाडी वळवील तो ड्रायव्हर."

मच्छिंद्र बसला. ब्रेक दाबून धरला आणि उभ्या गाडीत जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, सदरा काखेत फाटला. चाकं थोडी फिरली, मग ब्रेक सोडल्यावर गाडी कशीबशी अर्धी वळली आणि तिनं पाराला कोपरा घासला. लोक हसले. तो दंड चोळत खाली उतरला.

यशया बसला. ही नोकरी आपली, या दोन खोल्या आपल्या, एवढंच त्याच्या मनात होतं. ब्रेक सोड, सरकू दे, वळव. थांब, मागे घे, सरकू दे, वळव. एक हात त्यानं मुद्दाम खिडकीबाहेर ठेवला होता. मिनिटभरात गाडीचं तोंड सडकेकडे झालं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टोप्या उडवल्या. यशया हसत खाली उतरला. चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणी न सांगता हसला.

आप्पासाहेबही हसत होते.

"बघितलं? एका हातानं वळली. वाळक्या मानसाच्या एका हातानं! आता सांगा, गाडीत बिघाड हाय का?"

"न्हाई!" दोनशे माणसं ओरडली.

"मग पाव्हन्यांसमोर ह्यो खोटं का बोलला?"

यशया पुढे झाला. "साहेब, ती मेख हाय... पंप बंदच हाय, बॉनेट उघडून बघा," म्हणत त्यानं स्वतःच बॉनेट उचललं. लोक वाकले. पट्टा बसतो ती पंपाची चकती उघडीबोडकी होती.

"पट्टा कुठं हाय?" आप्पासाहेबांनी शांतपणे विचारलं. "कुनी काढला?"

"मीच काढला. तुमीच..."

"म्हंजे गाडीला हात ह्यानंच लावला! कुनाला इकला रं पट्टा?"

ज्यांनी टोप्या उडवल्या होत्या तेच आता शिव्या देऊ लागले. कुणीतरी पाठीत गुद्दा घातला. संध्याकाळच्या आत खोल्या रिकाम्या करायचा हुकूम सुटला. पैलवान मुकाट्यानं गाडीत जाऊन बसला.

हन्ना भांडी पोत्यात भरत होती. यशया उंबऱ्यावर बसून होता. उद्या सडकेवर खडी फोडायला जावं लागणार आणि हे खांदे हातोडा उचलणार नाहीत, हे दोघांनाही कळत होतं. तेवढ्यात मच्छिंद्र दबकत आला.

"काका, तुमच्यावर अन्याव झाला, मला दिसतंय. पन माझ्याबी घरी चार खानारी तोंडं हायती. तेवढं सांगा, कसं वळवलं तुमी?"

पोर सरळ होतं. डोळ्यांत पाणी आणून विचारत होतं. यशयाला ते दिसलं आणि त्याचा त्याला आणखीच संताप आला.

"जोर कमी पडतोय तुझा," तो म्हणाला. "ब्रेक घट्ट दाबून धरायचा. गाडी तसूभर हलू द्यायची न्हाई. आन मग खांदा घालून फिरवायचं. दुखंल, पन सोडायचं न्हाई. महिनाभरात जमतंय."

मच्छिंद्र त्याच्या पाया पडला आणि गेला.

हन्नाचा हात भांड्यावरच थांबला होता. चार महिने शेकता शेकता तिला ती मेख ऐकून पाठ झाली होती. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मग पोत्याचं तोंड बांधलं आणि ते त्याच्या हातात न देता स्वतःच्याच डोक्यावर घेतलं.