जाळीमागची घोंगडी

भुतंखेतं, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. कुणाच्या अंगात आलं की तिला आधी पोटभर जेवू घाला, असं मी गल्लीत सांगत असते. म्हणून हे लिहायचं बरीच वर्षं टाळलं. पण घडलं ते माझ्यासमोर, भर दुपारी, रस्त्यावर... तेव्हा जसं घडलं तसं लिहिते.

निजामाचं राज्य होतं, लढाई चालू होती. आमचं घर ढोकीला, भुसाराचा धंदा. सासऱ्यांनी सोलापूरहून एक जुनी काळी मोटार आणली होती. ती चाँदभाई चालवायचे आणि तिला लेकीसारखं जपायचे.

माझी धाकटी जाऊ गंगा बाळंत झाली, मुलगी झाली. पाचव्या दिवशी गंगा तापानं फणफणली, दुपारपर्यंत शुद्ध गेली. वैद्य म्हणाले, आत्ताच्या आत्ता धाराशिवच्या दवाखान्यात न्या, उद्याचं माझ्या हातात नाही. घरातले पुरुष माल विकायला रेल्वेनं लातूरच्या मोंढ्याला गेलेले. तान्ही सासूबाईंजवळ ठेवली, मोटारीच्या सगळ्या काचा घट्ट लावल्या – बाळंतिणीला वारं लागता कामा नये ना! – आणि गंगाचं डोकं मांडीवर घेऊन मी मागं बसले.

येडशी मागं पडली आणि चढावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. चाँदभाईंनी फडकं धरून रेडिएटरचं झाकण सोडलं, तर पाणी उसळून बाहेर. डब्यातलं पाणी ओतून फर्लांगभर गेलो, पुन्हा तेच. डबा संपला. त्यांनी बॉनेटची बाजू उचलून सगळं तपासलं.

"बाईसाब, पंखा फिरता, पट्टा ठीक है, पानी बी था. फिर बी क्यों उबलती, मेरेकू समझ में नै आरा."

निवायला तास तरी लागेल, म्हणाले, आणि पुन्हा उकळली तर इंजिन कायमचं बसेल. रस्त्यावर बैलगाडीसुद्धा नव्हती. गंगाचा श्वास ओढून ओढून येत होता, ओठ काळे पडत चालले होते. तिच्याजवळ तास नव्हता.

तेवढ्यात ती बोलली. डोळे मिटलेलेच, पण आवाज स्वच्छ.

"अक्का, जाळीच्या आत घोंगडी हाय. काढा की. वारं मिळंना."

मला ती तापातली बडबड वाटली. तिच्या अंगावर साधी चादर होती. पण जाळी म्हणाली तर जाळी एकच – मोटारीच्या तोंडावरची. दार उघडंच टाकून मी उतरले. जाळीतून आत नुसता काळोख दिसत होता. चाँदभाईंना वरून हात घालायला लावला. जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीतून त्यांनी काळ्या घोंगडीची जाडजूड घडी ओढून काढली.

त्याच क्षणी मागं गंगानं मोठा श्वास घेतला. तो मला बाहेर ऐकू आला.

मी सगळ्या काचा खाली केल्या. समोरून वारं येत होतं, इंजिन लवकर निवलं. गंगाच्या कपाळावरच्या पट्ट्यांसाठी एक कळशी राखली होती, ती हळूहळू ओतली. त्यानंतर धाराशिवपर्यंत मोटार एकदाही उकळली नाही. गंगा तीन आठवड्यांनी पायांनी चालत घरात आली.

घोंगडी सासूबाईंनी कोंबली होती. चाँदभाई बॉनेट उघडं ठेवून गंगाची बाज उचलायला आत आले, तेवढ्यात. "वारं म्होरनंच येतंय न्हवं, म्हणून तिथंच बुजिवलं," त्या म्हणाल्या. अंगणात तेव्हा चिटपाखरू नव्हतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि गंगा माजघरात बेशुद्ध पडलेली होती.

गंगाला बोललेलं आठवत नाही. तोंडावर खरखरीत लोकर होती आणि कुणीतरी ती काढली, एवढंच ती सांगते. मी पुष्कळ डोकं चालवलं. वास आला असेल, कुजबुज कानावर पडली असेल... एकही गोष्ट जुळत नाही.

पुढं दोन वर्षांनी माझी नणंद बाळंतपणाला आली. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी स्वतः खोलीची खिडकी उघडली. वारं लागेल की, मी मुद्दाम म्हटलं.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "मोटारीला लागतंय, मग माणसाला नगं व्हय?"