नव्या तांदळाचं चायनीज

आमच्या सायवनच्या पाड्यावर चीनचा माणूस आजवर आलेला नाही. चायनीज मात्र घरोघरी आहे.

बाबांच्या तोंडी चायनीज म्हणजे आठ दिवसांत बिघडणारी कुठलीही वस्तू. बॅटरी बंद पडली, चायनीज. छत्रीची काडी मोडली, चायनीज! (काडी मी मोडली होती. पण आळ परस्पर चीनवर जात असेल तर मी कशाला मध्ये बोलू?) आईच्या लेखी गणपतीपुढच्या लुकलुकणाऱ्या माळा म्हणजे चायनीज. अच्छाडला, गुजरातच्या हद्दीवर, चेकपोस्टजवळ माझ्या मामाचं पंक्चरचं दुकान आहे. तो आपल्या चार स्पीकरवाल्या मोबाइलला चायनीज म्हणायचा. तो मोबाइल वाजला की ट्रकवाले घाबरून बाजूला व्हायचे! आणि मी? मी कामाला डहाणूला जायचो आणि दर शनिवारी स्टेशनबाहेरच्या लाल गाडीवर उभ्याउभ्या प्लेटभर फ्राईड राईस खायचो. त्यामुळे चायनीजचा खरा अर्थ जाणणारा घरातला एकमेव माणूस मी, अशी माझी पक्की समजूत होती.

तर झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीला, मनीला, बघायला तलासरीकडचे पाहुणे यायचं ठरलं. स्थळ मामाने आणलेलं. मुलाला मनीने एका लग्नात लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिच्या हातून रोज दूध उतू जात होतं. म्हणजे पसंती उघड होती. आधीचं एक स्थळ ऐनवेळी फिसकटलेलं, त्यामुळे मनी धास्तावलेली आणि बाबा तिच्याहून जास्त.

"या वेळी कोणी शहाणपणा करायचा नाय," बाबांनी सगळ्यांना बजावलं. हे म्हणताना ते फक्त माझ्याकडे का बघत होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

एवढ्यात मामाचा फोन आला.

"भाणेज, छोकऱ्याला चायनीज बहु गमे, बहु आवडे हां!"

"मग झालंच! मी बनवतो."

"तुला येतं?" आईने विचारलं.

"तीन वर्षं रोखून बघतोय मी!"

(तीन वर्षं मी एसटीच्या ड्रायव्हरच्या मागेही बसत होतो. पण एसटी कोणी माझ्या हातात दिली नाही, हे तालुक्याचं नशीब.)

मी गाडीवाल्याकडून लाल, हिरव्या आणि काळ्या सॉसच्या बाटल्या आणल्या, वर व्हिनेगरही. त्याने बजावलं होतं, "भात जुन्या तांदळाचा घ्या. आदल्या दिवशी शिजवून गार करा." आता इथे पंचाईत! नुकती कापणी झालेली, देवाला नवं दाखवून झालेलं, कणगी नव्या भाताने भरलेली.

"सोयऱ्यांच्या पानात जुना तांदूळ वाढू?" बाबा कडाडले. "यंदा आपलं पिकलं नाय म्हणून सांगू त्यांना?"

नवा तांदूळ चिकटतो हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. पण मला वाटलं, चायनीज होताना तो सुधारेल.

रविवारी सकाळी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मार्गदर्शक म्हणून मामा. ओटीवर मुलाच्या वडिलांनी मोकळेपणी विचारलं, "जेवायला काय चायनीज आहे म्हणतात. म्हणजे नक्की काय असतं ते?"

"टिकत नाय ते," बाबा म्हणाले.

"लुकलुकतं," आई म्हणाली.

"आवाज बहु मोटो!" मामा म्हणाला.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी लगबगीने आत गेलो आणि गरम भाताचं पातेलं कढईत पालथं केलं. भात पडला नाही, उतरला! पातेल्याच्या बुडाला जो पोचा होता, तोसुद्धा भाताच्या डोक्यावर जसाच्या तसा. मी तिन्ही सॉस ओतले. ते वरून ओघळून खाली गेले आणि आत पांढरं ते पांढरंच राहिलं.

"दादा, राहू दे आता," मनी काकुळतीला आली. "आईने वालाची आमटी केलीय, सुकट आहे, दुसरा भात लावू. दादा, माझं लग्न आहे रे हे!"

"तू फक्त बघ!"

गाडीवाला कढई झटकतो तेव्हा भाताचे दाणे हवेत नाचतात. मी कढई झटकली. आमचा भात एकजुटीने वर गेला आणि एकजुटीने चुलीत आला! मी दचकलो, धक्का लागून लाल सॉसची आणि व्हिनेगरची बाटली निखाऱ्यांवर आडवी झाली, आणि घरभर जो धूर पसरला त्याला एकाच वेळी मिरची, आंबट आणि जळका असे तिन्ही वास होते.

ओटीवर पहिला ठसका मुलाच्या वडिलांना लागला. मग सगळेच खोकत अंगणात पळाले. नेमकी त्याच वेळी मनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. डोळ्यांतून धारा, नाक लाल, ओठ थरथरतायत.

मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला. "अगं बाई, पोरगी रडतेय! हिच्या मनात नाय वाटतं. जबरदस्ती चाललीय का?"

"नाय नाय, धूर आहे तो!" बाबा म्हणाले. पण बाबांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे ते जास्तच खरं वाटलं.

"पोरीच्या मनाविरुद्ध आपल्याला नको," मुलाचे वडील चपला शोधू लागले.

बहिणीचा संसार मांडण्याआधीच मी मोडला होता, तोही कढईने! तेवढ्यात मनीने ट्रे जमिनीवर आपटला.

"मी रडत नाय! मला मुलगा पसंत आहे! मला रडवतोय तो हा माझा भाऊ!"

बघण्याच्या कार्यक्रमात मुलीने असं तोंडाने सांगितल्याचं पाड्यावर कोणी ऐकलं नव्हतं. मग मुलगा डोळे पुसत म्हणाला, "मला पण." (हा रडत होता की धूर होता, ते मी आजवर विचारलेलं नाही.) मुलाची आई आधी हसली, मग सगळेच. मला मात्र खरोखरच रडू आलं.

दुसरा भात लागला. वालाची आमटी, सुकट आणि नव्या तांदळाचा भात पाहुण्यांनी मागून मागून खाल्ला. हात धुतल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "सोयरीक मंजूर."

बाबांनी हात जोडले. मग त्यांनी व्याह्यांना बाजूला घेतलं, माझ्याकडे बघत दोघं बराच वेळ कुजबुजले. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

लग्नात तसंच वाटलं. मांडवात मला पंख्यासमोर खुर्ची, हातात सरबत, आणि शेजारी मुलाचे सख्खे काका, पूर्ण वेळ! उठलो की उठायचे, बसलो की बसायचे. नवरीच्या भावाचा एवढा मान मी कुठे पाहिला नव्हता. शेवटची पंगत बसली तरी ते हलेनात, तेव्हा मलाच संकोच वाटला.

"काका, तुम्ही जेवून घ्या की."

"कसा जेवू?" काका म्हणाले. "सगळी भांडी घासून होईपर्यंत तुला चुलीकडे सोडायचं नाय, असं ठरलंय."