आधी सूं ऐकू

"गाणं नंतर. आधी सूं ऐकू," असं म्हणून काका ॲम्प्लिफायर चालू करायचे आणि गाणं न लावताच स्पीकरला कान लावून डोळे मिटायचे. गाणी ऐकायला बोलावलेल्या माणसाने तोवर चहा पीत बसायचं. असा एखादा शेजारी तुमच्याही नशिबी आला असेल.

इंदिरानगरात आमच्या समोरच्या दारात ते राहायचे. बाहेरून आले की चपला काढायच्या आधी ॲम्प्लिफायर चालू, बाहेर पडताना बंद. स्पीकर पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढेसेच, पण भारी तल्लख. "थोड्याशा वॉटवर खणखणीत बोलतात रे. पण ॲम्प्लिफायरमधला कचराही तितकाच मोठ्याने सांगतात." गाणं थांबलं की त्यातून बारीक सूं यायची, तिच्याबद्दल ही तक्रार.

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "शंभर वॉटचा आणा ना, काका."

"चिमणीला बादलीभर पाणी कशाला?"

मग काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांचा पलंग हॉललगतच्या खोलीत होता, तिथून काका दिसायचे नाहीत. गाणं संपलं की काकू हॉलकडे हात करून "ते... ते..." म्हणायच्या. काकांनी ठरवून टाकलं, हिला सूं सोसत नाही.

झालं. मेन रोडच्या दुकानातून ॲम्प्लिफायर येऊ लागले आणि सूं ऐकून परत जाऊ लागले. मी चिडवलं, "काका, मुली बघताय की काय?"

"मुलगी एकदाच बघितली. पहिलीच पसंत पडली."

आतून काकूंचं हसू ऐकू आलं. आजारपणात त्या एवढ्या हसलेल्या मला आठवत नाहीत.

शेवटी एक जुळला. लहानसा, थोड्या ताकदीचा. गाणं थांबलं की अगदी चिडीचूप. जुना त्यांनी मला देऊन टाकला.

आणि त्याच आठवड्यात काकूंचं बिनसलं. गाणं संपलं की "अहो!" अशी हाक. काका धावत जायचे, हात धरायचे, त्या शांत व्हायच्या. काका हॉलमध्ये येऊन टेकले की पुन्हा हाक. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, काही फरक नाही. काकांची पार रया गेली. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एका दुपारी ते औषधं आणायला गेले म्हणून मी काकूंपाशी बसलो होतो. त्यांनी रिकाम्या हॉलकडे हात केला. एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "सूं असली... की... हे घरात. आता... कळत नाही."

काका आल्यावर दारातच सांगितलं. औषधांची पिशवी हातात तशीच धरून ते उभे राहिले.

"तिला त्रास होतो म्हणून काढली रे मी," एवढंच म्हणाले. मग चपलांसकटच आमच्या घरात शिरले आणि जुना ॲम्प्लिफायर उचलून घेऊन गेले.

त्या संध्याकाळी हाक आली नाही. गाणं कधीच संपलं होतं. काका हॉलमध्ये पेपर धरून बसले होते, सूं चालू होती, काकूंना झोप लागली होती.

काकू थंडीत गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर काका तोच ॲम्प्लिफायर घेऊन माझ्या दारात.

"ठेव तुझ्याकडे."

"असू द्या की, काका. सवयीचा आहे."

"सूं चालू केली की मी घरात आहे हे कळतं. आता कळायचं कुणाला?"

मी तो त्यांच्या हातातून घेतला.

पुढे मुलगी त्यांना इगतपुरीला घेऊन गेली. स्पीकर त्यांनी नेले नाहीत, तेही मलाच देऊन गेले. समोरच्या दाराला कुलूप आहे.

तो ॲम्प्लिफायर आता माझ्याकडे आहे. कामावरून आलो की आधी तो चालू करतो. सूं सुरू होते आणि स्वयंपाकघरातून बायको विचारते, "आलात?"

"आलो," म्हणतो. नको तेवढ्या मोठ्याने म्हणतो.