गोळी आणि कालवणाचं मीठ

नवी गोळी सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी तोंडात लोखंडाची चव आली. जुनी चावी चोखावी तशी. चहा प्यायला तरी तीच, भात खाल्ला तरी तीच. डॉक्टरांना फोन केला.

"होतं काहींना, ताई. काही आठवड्यांत जातं. जेवणावर घ्या, पण मनाने बंद करू नका."

बंद करायचा प्रश्नच नव्हता. आधीच्या गोळीने साखर आटोक्यात येत नव्हती, आणि याच दुखण्यात माझ्या आईच्या पायाची दोन बोटं गेलेली मी पाहिली आहेत. माझी अडचण वेगळी होती. काशीदला आमच्या घरी शनिवार-रविवारी फिरायला आलेल्या लोकांसाठी जेवण असतं. पडवीत चार टेबलं, आणि लोक परत येतात ते माझ्या कालवणासाठी. त्यात मीठ मी कधी मापाने घातलं नाही. मासळी धुऊन मीठ-हळद चोळून ठेवायची. त्यातलं किती मीठ रश्शात उतरणार हे मासळी कोणती आणि किती वेळ मुरली यावर. म्हणून आधी हात राखून घालायचं, उकळी आली की पळीतले दोन थेंब तळहातावर घेऊन चाखायचे, आणि मग उरलेलं. वीस वर्षं असंच चाललंय.

त्या रविवारी तळहात चाखला तर लोखंड. चिमूट टाकली, लोखंडच. आणखी टाकली. आठ माणसं पुण्याहून आलेली, पानं मांडलेली. वाढलं.

"काकू," त्यांच्यातली एक बाई हळूच म्हणाली, "आज कालवण जरा खारट झालंय का हो?"

जरा कसलं. त्यांची लहान मुलगी एका घासावर दोन पेले पाणी प्यायली. सगळे तळलेल्या तुकडीशी भाकरी खाऊन उठले. आठ वाट्या तशाच भरलेल्या आत आणल्या आणि मोरीत ओतल्या.

नवऱ्याला विचारलं, "तुम्ही चाखलं होतं ना? तेव्हा का नाही सांगितलं?"

"मला बरं लागलं."

त्यांची जीभ तंबाखूने कधीच मेली आहे. त्यांना सगळंच बरं लागतं.

बुधवारी घरापुरतं बांगड्याचं कालवण चमच्याने मीठ मोजून केलं. मोजलं खरं, पण बरोबर झालं की नाही हे सांगणार कोण? यांना बरं लागलं. मला लोखंड लागलं. शेजारीण खाते मासे, पण तीही जेवणाच्या ऑर्डरी घेते. तिला चाखायला बोलावणं म्हणजे आपली पाटी आपल्याच हाताने उतरवणं.

उरल्या सासूबाई. त्यांनी सासरे गेल्यावर माळ घातली, त्याला चौदा वर्षं झाली. मासळी शिजते तेव्हा त्या मागच्या दारी बसतात.

शनिवारी सकाळी सहा जणांचा फोन आला. सुरमई आणली, मीठ-हळद लावली, रस्सा उकळला आणि पळी हातात धरून मी चुलीपुढे उभी राहिले. पुढे काय करायचं ते कळेना. मला काय करायचं ते कळत नाही असं फारसं होत नाही.

"काय गो, करपवतेस काय?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

"मिठाचं कळत नाही, आई."

"अजून ती गोळी हाय व्हय? मी वास घेतला असता, पन वासात मीठ कळत न्हाय." मग त्यांचा हात गळ्यातल्या माळेशी गेला. "एक घोटभर चाखायचं तं हाय. काढून ठेवते, उद्या परत घालीन."

"हात खाली घ्या," मी म्हणाले. "सहा माणसांच्या जेवणासाठी कोणी माळ काढत नाही."

"मग काय करशील?"

मासळीला लागलेलं सोडून रश्शात मीठच घातलं नाही. प्रत्येक टेबलावर वाटीभर बारीक मीठ ठेवलं. असं मी इथे आजवर केलं नव्हतं. ज्या घरी टेबलावर मीठ ठेवतात त्या घरच्या बाईला स्वयंपाक येत नाही, असं मीच दोघी-तिघींबद्दल बोललेली आहे.

"मावशी, मीठ विसरलात वाटतं," एक टक्कल पडलेले गृहस्थ पहिल्या घासाला म्हणाले.

"आपापल्या चवीने घ्या," मी म्हणाले.

त्यांनी चिमूट टाकली, ढवळलं, बोट बुडवून चाखलं. मान हलवली. अर्धी चिमूट आणखी. पुन्हा चाखलं, आणि चेहरा निवळला. "आता झक्क!" ते शेजारच्याला म्हणाले, आणि त्याच्याही वाटीत त्यांनीच मीठ घातलं.

मी हातात भाताचं पातेलं धरून ते बघत उभी होते. सगळ्यांनी वाट्या पुसून खाल्ल्या. मग आत जाऊन मी माझं पान वाढून घेतलं, कारण गोळी जेवणावर घ्यायची होती.