व्याही, मी आणि लेट झालेला चंद्र

२०२५ साल होतं, मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि माझं एक मत अगदी पक्कं झालं होतं. माझ्या व्याह्यांइतका लाज सोडलेला माणूस अख्ख्या मिशिगनात दुसरा नाही! मुलगा इथल्या नोव्हाय गावात मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर, म्हणून मी चिपळूणहून इथे आलो. सून महाडची, म्हणून तिच्यामागून तिचे अब्बा आले. एका घरात दोन म्हातारे. मी गवंडी, चौथी पास. ते एसटीत कंडक्टर होते. नोकरी सुटली, पण कंडक्टर काही त्यांच्यातून उतरला नाही. जुम्म्याला मशिदीत शिरले की खणखणीत मराठीत ओरडायचे, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" आणि खोटं सांगत नाही, सहा-सहा फुटी अरब मुकाट्याने पुढे सरकायचे. मी मागे खांबाआड बसायचो, हा कोण बुवा, असं तोंड करून.

मशिदीत हैदराबादवाले त्यांच्या उर्दूला हसायचे. एकाने विचारलं, "आप लोगां मुसलमान होके घर में मराठी बोलते?" हे म्हणाले, "क्या करें साहब, बायको से भांडण उर्दू में जमता नहीं." मी मान खाली घातली. मराठी मंडळात उलटी तऱ्हा. संक्रांतीला एक बाई तिळगूळ देता देता कौतुकाने म्हणाल्या, "अय्या काका, तुम्ही मराठी किती छान बोलता!" असं मला कुणी म्हटलं की मी आतल्या आत जळतो आणि वरून हसतो. ह्यांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि तितक्याच कौतुकाने म्हणाले, "तुम्हीही बरं बोलता की हो. कुठे शिकलात?" बाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग इतक्या हसल्या की दुसऱ्यांदा तिळगूळ दिला. मला मात्र कोपऱ्यातल्या चपलांत लपावंसं वाटलं.

सकाळचं फिरणं तर विचारू नका. कमरेला चौकड्यांची लुंगी, लुंगीच्या आत थर्मल, वर नातीची शाळेची जुनी जर्सी, डोक्यावर जाळीची टोपी. दिसेल त्याला हात वर करून "गुड मॉर्निंग, ऑल ओके?" निळ्या घरातली गोरी म्हातारी त्यांना बघून पडदा ओढायची, तर हे पडद्यालाही हात करायचे. मी रस्त्याच्या पलीकडच्या फूटपाथवरून चालायचो.

आणि दिवसभरात जे घडेल त्याची संध्याकाळी नक्कल. मी चिप्सच्या पाकिटावरचं इंग्रजी वाचता येत नाही म्हणून हलाल आहे का ते हुंगून बघतो, ही नक्कल तर आमच्या नातीला तोंडपाठ. "नाना इज सो फनी!" म्हणत ती लोळायची. नात चौदा वर्षांची, आईच्या वडिलांना नाना म्हणते आणि मला दादा. त्या रमजानात तिने शाळेत मैत्रिणींना रोजा आहे असं न सांगता डाएट आहे म्हणून सांगितलं. मला कळलं तेव्हा मी तिला समोर बसवून खडसावली, "आपण काय चोऱ्या करतो? आपण कोण आहोत ते मान वर करून सांगायचं!" पोरगी रडली. "ओके दादा," म्हणाली.

रमजान संपताना इथे दरवर्षी भांडण. अर्धं गाव खगोलाच्या हिशेबाने आधीच तारीख ठरवून ईद करतं, अर्धं चंद्र बघून. मुलाने रविवारीच ईद केली. व्याह्यांनी जाहीर केलं, "मी तिकीट स्वतः बघितल्याशिवाय कुणाला उतरू देत नाही. चंद्र दिसला तर ईद." मीही हट्टी, त्यांच्या बाजूने बसलो. घरात बिर्याणी शिजतेय, सगळे शीरखुर्मा ओरपतायत, आणि आम्ही दोन म्हातारे रोजा धरून एकमेकांकडे बघतोय. संध्याकाळी तळ्याकाठच्या चढावर गेलो. पश्चिम तिथूनच मोकळी दिसते, फक्त मध्ये ते निळं घर. व्याही दुधाच्या रिकाम्या क्रेटवर उभे राहिले आणि डोळ्याला दुर्बीण लावली.

पुढे काय होणार ते मला सोडून कुणालाही कळलं असतं. दिवे चमकवत पोलिसाची गाडी आली.

पोलीस तरुण पोरगा, साधेपणाने विचारत होता. पण माझा हात आपोआप डोक्याकडे गेला, जाळीची टोपी खिशात गेली, आणि तोंडातून निघालं, "वी इंडियन, सर. व्हेजिटेरियन. फुल व्हेजिटेरियन." अंगातल्या जॅकेटला बिर्याणीचा वास येत होता.

व्याही क्रेटवरून म्हणाले, "सर, वी आर वेटिंग फॉर मून. ही इज लेट." पोराने वर बघितलं, बोट केलं, "दॅट वन?" केसाएवढी कोर! व्याह्यांनी उतरून त्याला मिठीच मारली. "ईद मुबारक! एक साक्षीदार हा, एक मी." पोलीस हसत गेला. व्याही माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता सुरू होणार. पण ते एवढंच म्हणाले, "टोपी घाला भाई. थंडी आहे."

पुढच्या शनिवारी ईदचं स्नेहभोजन होतं. मशिदीतले आणि मंडळातले, दोन्हीकडचे लोक बोलावलेले, आणि व्याह्यांच्या नकलांचा कार्यक्रम ठेवलेला. नात पहिल्या रांगेत. सुनेने केलेली सांदणं मी ताटात नुसती इकडून तिकडे सरकवत होतो. चंद्राची गोष्ट तो माणूस सोडणं शक्यच नव्हतं. "व्हेजिटेरियन" हा शब्द आला की पोरगी मागे वळून माझ्याकडे बघणार, आणि मी तिला पुन्हा कधी तोंड दाखवू शकणार नाही. मनात चिपळूणचं तिकीटसुद्धा काढून झालं.

गोष्ट आलीच. क्रेट आला, दुर्बीण आली, पोलीस आला. "आणि मी!" व्याही स्वतःची छाती बडवत म्हणाले, "मी, महाड डेपोचा वाघ, टोपी खिशात टाकली आणि म्हणालो, फुल व्हेजिटेरियन!" हॉल कोसळला. हैदराबादवाले टेबलं बडवत होते, तिळगूळवाल्या बाई डोळे पुसत होत्या. "मग आमचे भाई," त्यांनी माझ्याकडे हात केला, "शांतपणे म्हणाले, टोपी घाला, थंडी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नात वळली आणि तिने माझ्याकडे अशा अभिमानाने बघितलं, की मला त्या पोलिसासमोरही एवढी लाज वाटली नव्हती. नक्कल संपवून व्याही शेजारी येऊन बसले, माझ्या ताटातलं सांदण उचललं आणि खात राहिले.  

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याआधी दारात जाऊन उभा राहिलो. पलीकडच्या फूटपाथवर गेलो नाही, त्यांच्या बरोबरीने चाललो. निळ्या घराचा पडदा हलला तेव्हा पहिला हात मी वर केला. एप्रिलचं स्वच्छ ऊन पडलं होतं, थंडी कुठेच नव्हती. टोपी मी घातलेली होती.