बुडाचा रंग

राजोडीच्या किनाऱ्यावर होड्या रंगवणाऱ्या त्या गृहस्थांना मी काका म्हणतो. नाव विचारायचं चार वर्षांत राहूनच गेलं. काका बोलतात ते होडीकडे बघून, आणि प्रत्येक वाक्यानंतर ब्रश डब्याच्या काठावर दोनदा निपटतात.

मी टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी बोटभर उंचीचे सैनिक रंगवतो. म्हणजे रंगवणार आहे. खालचा थर काळा द्यावा की करडा, वरून चमक असावी की नको, यावर मी वर्षभर गंभीर विचार करतोय. शेवटी एक सैनिक खिशात घालून काकांकडे गेलो.

"ह्यो उभा कुठं राहनार?" त्यांनी विचारलं.

"डायनिंग टेबलावर."

त्यांना हसूही आलं नाही. "मग करडा दे. काळ्यावर घरात काय दिसनार नाय. आनि चमक नको, बल्ब दिसेल, मानूस नाय."

माझा वर्षभराचा प्रश्न तिथंच संपला. मग त्यांनी सैनिक उलटा केला.

"बुड कोरंच?"

"ते कोणाला दिसतंय, काका?"

होडीच्या तळाचा तांबडा रंग बारीक ब्रशवर घेऊन, श्वास रोखून त्यांनी सैनिकाचं बुड रंगवलं आणि त्याला होडीशेजारी उन्हात वाळत ठेवलं, होडीसारखंच उलटं.

त्याला महिना झाला. माझ्या चाळीसच्या चाळीस सैनिकांची बुडं आता तांबडी आहेत. अंगाला लावायचा करडा फिकट घ्यावा की गडद, यावर विचार चालू आहे.