गेरूखालचा डाग

कॅन्सरला हाकलून सहा वर्षं झाली होती, आणि मी स्वतःला मोठी शहाणी समजत होते. दारव्ह्यात कोणा बाईचं दुखणं निघालं की मी उपदेशाला हजर! त्या शहाणीला एका सकाळी आंघोळ करताना, काढलेल्या स्तनाच्या जागी, किरणांचा शेक दिलेल्या कातडीवर एक जांभळट डाग दिसला. शेजारी बारीक लाल रेषांचं जाळं. कातडीत काही बदललं की लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी काय केलं? पदर घट्ट ओढला आणि वरणाला फोडणी दिली.

मोठ्या जाऊबाईंच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. मी झंपर बदलताना त्यांना डाग दिसलाच.

"नागीण हाय वं हे! काहून लपवून राह्यली? आग होते का?"

आग कसली, दुखतही नव्हतं. पण नागीण म्हटल्यावर जीव असा हलका झाला की काय सांगू! नागीण बरी होते. दुसरं जे असू शकत होतं, त्याचं नाव मी मनातही घेत नव्हते.

"होते ना! झोपूच देत नाही," मी ठोकून दिलं.

जाऊबाईंनी गेरू कालवून थापला. रोज नवा थर. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातं म्हणतात, म्हणून मी रोज बोटांनी तिची लांबी मोजायची. मोजत होते गेरू! खालचा डाग वाढतोय का, हे दिसायची सोयच या शहाणीनं लिंपून टाकली होती.

एक दिवस सुनेला माझ्या झंपरवर तांबडं दिसलं.

"आई, रक्त हाय का हे?"

"गेरू हाय. नागिणीले लावला."

तिनं कोमट पाण्यानं सगळा पुसून काढला आणि डाग जवळून निरखला.

"नागिणीले फोड येतात ना, आई. इथं तर एकबी नाही."

डाग रुपयाएवढा झाला होता. दुपारच्या जीपनं आम्ही यवतमाळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, जाळं शेकामुळं, त्याची भीती नाही. जांभळ्या डागाचा मात्र तुकडा तपासायला पाठवू. रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. मीसुद्धा नाही, म्हणजे विचार करा!

रिपोर्टात वाईट काही निघालं नाही.

"पुन्हा असं दिसलं तर काय कराल?" डॉक्टरांनी विचारलं.

"धावत येईन."

"धावू नका. काही न लावता या."

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आता दर आठवड्याले मी पाहीन."

सुनेसमोर अंग उघडं करायचं! मी इकडंतिकडं पाहिलं, पदर सावरला.

"पाह्यजो बाई," म्हटलं.